वारणेचा तह व साताऱ्याचा तह : बंधनाच्या कलमाची मीमांसा

जुन्या दप्तरांतून एखादा तहनामा किंवा त्याची नक्कल हातीं आली म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते, मग मितीकडे, आणि नंतर किल्ले व ठाणीं यांचीं नांवें ज्यांत आलीं असतील त्या कलमांकडे. स्नेहाची भाषा सर्वच तहांत सारखी असल्यामुळें ती कोणी मनावर घेत नाहीं. आणि शेवटीं शेवटीं येणारीं एक-एक ओळीचीं कलमें किरकोळ म्हणून उतरून घ्यावयाचीं राहतात. परंतु तहानें राज्यांचें पुढें काय झालें हें पाहूं जातां, या किरकोळ कलमांपैकीं एका जातीच्या कलमाचें महत्त्व किल्ल्यांच्या यादीपेक्षांहि अधिक ठरतें. तें कलम म्हणजे कोणीं कोणाशीं संबंध ठेवूं नये हें सांगणारें. त्यास आम्ही येथें बंधनाचें कलम म्हणतों.

सातारा व सांगली या प्रांतांच्या इतिहासांत अशीं दोन कलमें अगदीं समोरासमोर ठेवण्यासारखीं आहेत. एक वारणेच्या तहांतील, इ. स. १७३१ चें, दुसरें छत्रपति प्रतापसिंह महाराज व कंपनी सरकार यांच्यांतील इ. स. १८१९ च्या तहांतील. दोन्ही तहांत सातारच्या राज्याची दक्षिण सीमा वारणा नदीच आहे. दोन्हींत बंधनाचें कलम आहे. पहिल्यांत तें दोन्ही पक्षांवर सारखें आहे. दुसऱ्यांत तें एकट्या सातारच्या महाराजांवर आहे. एवढ्या फरकानें काय घडलें तें पुढें सांगतों.

इ. स. १७०७ त शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले व पुढील वर्षाच्या आरंभीं साताऱ्यास त्यांस राज्याभिषेक झाला. महाराणी ताराबाईंनीं पन्हाळ्यास आपली गादी कायम ठेविली. १७१४ सालीं राजसबाईंनीं ताराबाईंस कैद करून आपला पुत्र संभाजी यास त्या गादीवर बसविलें. येणेंप्रमाणें एका घराण्याच्या दोन गाद्या झाल्या. यांत खरी अडचण मुलुखाची नव्हती, माणसांची होती. सातारकरांकडे ज्याचें बिनसलें तो कोल्हापूरकरांकडे जाई. तेथें बिनसलें तर इकडे येई. आणि दोन्हीकडे बिनसलें तर निजामाचें दार उघडें असे. चंद्रसेन जाधव सेनापति १७११ त शाहू महाराजांस सोडून पलीकडे गेले व तेथूनहि पुढें निजामाकडे गेले. उलट ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी आंग्रे यांस बाळाजी विश्वनाथांनीं शाहू महाराजांकडे वळवून घेतलें. असा सरदार एकटा जात नसे. त्याच्या मागें त्याचें पथक, त्याचीं ठाणीं व त्याच्या सरंजामाचा मुलूख जाई. म्हणजे लढाई न होतां राज्याची सीमा दर सालीं हालत असे.

या स्थितीचा फायदा निजामउल्मुल्कानें घेतला. चौथाई कोणास द्यावी, धनी दोन आहेत, तेव्हां दोघांनीं आपापला हक्क माझ्यापुढें शाबीत करावा, अशी भाषा त्यानें १७२७ त केली व संभाजी महाराजांस हातीं धरलें. बाजीराव पेशव्यांनीं २५ फेब्रुवारी १७२८ रोजीं पालखेड येथें त्यास कोंडून मुंगी-शेवगांवचा तह करून घेतला; त्यामुळें निजामाचा पाठिंबा सुटला. तरी दक्षिणेस उदाजी चव्हाण वगैरेंचा उपद्रव थांबेना. शेवटीं १७३० सालीं वारणाकांठीं श्रीपतराव प्रतिनिधींनीं संभाजी महाराजांच्या फौजेचा पूर्ण मोड केला. ताराबाई, संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई, भगवंतराव अमात्य, व्यंकटराव घोरपडे इतकीं माणसें हातीं लागलीं.

यापुढें शाहू महाराजांनीं जें केलें तें राजकारण म्हणून पाहण्यासारखें आहे. जिजाबाईंस त्यांनीं सन्मानानें परत पाठविलें. ताराबाई आपखुषीनें साताऱ्यास राहिल्या. संभाजी महाराजांस भेटीस बोलाविलें. ती भेट १७३१ च्या फेब्रुवारींत कऱ्हाडाजवळ जखिणवाडी येथें झाली, आणि तेथून त्यांस साताऱ्यास नेऊन १३ एप्रिल १७३१ रोजीं तह पुरा केला. त्याच महिन्याच्या १ तारखेस गुजराथेंत डभईस बाजीरावांची व त्रिंबकराव दाभाडे सेनापतींची लढाई होऊन सेनापति पडले होते. राज्याचे दोन मोठे कारभारी एकमेकांवर शस्त्र धरीत असतां छत्रपति स्वतः भाऊबंदकी मिटवीत होते, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. शके १६५३ च्या संवत्सराचें नांव मात्र विरोधकृत होतें !

तहाचीं कलमें नऊ. त्यांचा आशय असा. वारणेच्या व कृष्णेच्या संगमापासून दक्षिणतीर, खालीं कृष्णा-तुंगभद्रा संगमापर्यंतचा मुलूख गड व ठाणीं यांसह संभाजी महाराजांकडे. तुंगभद्रेपासून रामेश्वरापावेतों जें मिळेल तें निमेनिम. कोंकणांत साळशीच्या पलीकडे अंकोल्यापर्यंत संभाजी महाराजांकडे. कोपळचा किल्ला त्यांस देऊन त्याबद्दल रत्नागिरी शाहू महाराजांनीं घ्यावी. वडगांवचें ठाणें पाडून टाकावें. मिरज प्रांत व विजापूर प्रांतांतील अथणी, तासगांव वगैरे ठाणीं शाहू महाराजांच्या स्वाधीन करावीं. एकाचा शत्रु तो दुसऱ्याचा शत्रु समजून दोघांनीं मिळून त्याचें पारिपत्य करावें व एकविचारें राज्य वाढवावें. आणि आमच्याकडील चाकर तुम्ही ठेवूं नये, तुमच्याकडील आम्ही ठेवूं नये.

या नऊ कलमांत वाचकांनीं तीन प्रकार वेगळे करावे. मिळालेला मुलूख वांटणारीं कलमें हा एक प्रकार. न मिळालेला मुलूख वांटणारीं कलमें हा दुसरा. तुंगभद्रेपलीकडचें निमेनिम हें त्यांतलें, आणि मिरजेचेंहि त्याच मासल्याचें, कारण मिरजेचा किल्ला त्या वेळीं या दोघांपैकीं कोणाच्याहि हातीं नव्हता. तो शाहू महाराजांनीं पुढें १७३९ त जातीनें वेढा घालून घेतला. अशा कलमांस कोणी कागदी कलमें म्हणून हसेल. पण मिरज पडतांच ती कोणाची हा वाद कोल्हापुराशीं उपस्थित झाला नाहीं, याचें कारण आठ वर्षांपूर्वीं लिहून ठेविलेलें हें कागदी कलमच होय. तिसरा प्रकार चाकरांच्या कलमाचा.

चाकर या शब्दावर आजचा वाचक फसण्याचा संभव आहे. येथें चाकर म्हणजे घरचा गडी नव्हे; सरंजाम खाणारा सरदार, किल्ल्याचा हवालदार, पथकाचा धनी असा अर्थ घ्यावयाचा. वर सांगितलेल्या चंद्रसेन जाधवांसारख्या प्रकरणांस बंद घालणारें हें कलम आहे. नदी ही सीमा खरी, पण घोडदळास ती उन्हाळ्यांत उतार देते. नदीस सीमा बनविलें तें या कलमानें. इकडचा सरदार तिकडे गेला तरी त्यास तेथें भाकर नाहीं असें ठरलें, तेव्हांच वारणा ही दोन राज्यांमधील सीमा झाली. शिवाय हें कलम दोन्ही बाजूंस सारख्याच शब्दांनीं लागू आहे. नुकताच लढाईंत मोड झालेला, ज्याची राणी वैऱ्यानें सोडून दिली असा पक्ष येथें बरोबरीनें बोलतो. शाहू महाराज जिंकले होते; हवें तर त्यांस एकतर्फी लिहून घेतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं, आणि आमच्या मतें या तहाच्या टिकाऊपणाचें बीज येथेंच आहे. महाराजांच्या हयातींत या दोन गाद्यांमध्यें पुन्हां मोठें युद्ध झालें नाहीं.

युरोपच्या इतिहासांत याचा जोड पाहावयाचा तर तो व्हर्दूनचा तह होय. शार्लमेन बादशहाच्या तीन नातवांनीं, लोथार, लुई व चार्ल्स यांनीं, इ. स. ८४३ त आजोबाचें राज्य वांटून घेतलें. त्यांतून पश्चिमेकडे फ्रान्स व पूर्वेकडे जर्मनी उदयास आले आणि मधल्या वांट्याकरितां पुढें हजार वर्षें भांडणें चाललीं. शाहू व संभाजी हेहि शिवछत्रपतींचे नातूच. परंतु व्हर्दूनप्रमाणें येथें दोन राष्ट्रें झालीं नाहींत. भाषा, धर्म, वतनें, सोयरीक हीं वारणेच्या दोन्ही तीरांस एकच राहिलीं. वांटले गेले ते फक्त अधिकार. तहांनीं राष्ट्रें घडतात असें म्हणतात तें अर्धेंच खरें आहे, हें या दोन उदाहरणांवरून दिसेल.

शाहू महाराजांनीं अखेरच्या दिवसांत पेशव्यांस ज्या दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या, त्यांत कोल्हापूरकरांस सातारच्या गादीवर आणूं नये असा आशय आहे. म्हणजे वारणेची रेषा त्यांनीं वारसाच्या प्रश्नासहि लाविली. १७४९ च्या डिसेंबरांत ते वारले. पुढच्याच वर्षीं सांगोल्यास रामराजांकडून राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांनीं आपल्याकडे घेतला. तेव्हांपासून वारणेच्या उत्तरेस नांव छत्रपतींचें व हुकूम पेशव्यांचा अशी स्थिति झाली. १७६० त संभाजी महाराज निपुत्रिक वारले. पेशव्यांस कोल्हापूर ओढून घेण्याचा मोह झाला, परंतु जिजाबाईंनीं निकरानें गादी राखली आणि १७६२ त दत्तकास मान्यता मिळविली. हें दत्तकाचें प्रकरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ८६ वर्षांनीं साताऱ्यास तोच प्रश्न पडला व त्याचा निकाल उलट लागला.

याच सुमारास मिरज व आसपासचा प्रांत पेशव्यांनीं पटवर्धनांस सरंजाम दिला. तहानें ज्या मिरज-तासगांवचीं ठाणीं उत्तरेकडे आलीं त्याच ठाण्यांवर हें घराणें बसविलें गेलें, आणि कोल्हापूरकरांस पायबंद असावा हाहि त्यांत हेतु होता. त्याचें मोल पटवर्धनांनीं रक्तानें दिलें. परशुरामभाऊ १७९९ त कोल्हापूरकरांशीं लढतांना पडले. पुढें घरांत वांटणी होऊन चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून निराळे झाले व त्यांनीं सांगली हें आपलें ठिकाण केलें. सांगली संस्थानाचा उगम शोधीत गेलें तर माग अशा रीतीनें वारणेच्या तहाच्या शेवटच्या कलमापाशीं पोंचतो.

आतां दुसऱ्या तहाकडे वळूं. मधल्या काळांत बंधनाच्या कलमाचें रूप पालटलें होतें. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें पेशव्यांनीं कंपनीच्या सल्ल्यावांचून इतर सत्तांशीं बोलणें लावूं नये असें ठरलें. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें तर परदरबारचे वकील ठेवण्याचीहि बंदी झाली. दरम्यान १८१२ त पंढरपुरास पेशवे व दक्षिणेकडील जहागीरदार यांच्यामध्यें एल्फिन्स्टननें तडजोड केली. पटवर्धनांनीं सेवा करावी, पेशव्यांनीं सरंजामास हात लावूं नये, आणि दोघांचा जामीन इंग्रज. १७२७ त निजामानें जो मध्यस्थाचा अधिकार मागितला होता तो देऊं नये म्हणून पालखेडची मोहीम झाली. १८१२ त तोच अधिकार दुसऱ्या परक्यास बिनलढाईचा मिळाला.

१८१८ त पेशवाई बुडाली व प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें त्यांस राज्य मिळालें तें उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस कृष्णा व वारणा, पश्चिमेस सह्याद्रि या सीमांतलें. सीमा जुनीच, इंग्रजांस नवी आंखण्याचें कारण पडलें नाहीं. मात्र पांचवें कलम नवें होतें. महाराजांनीं परराज्यांशीं, तसेंच तहान्वयें त्यांच्या ताब्यांत नसलेल्या कोणाहि राजा, सरदार, जहागीरदाराशीं कसलाहि व्यवहार ठेवूं नये. ठेवणें झाल्यास तो रेसिडेंटामार्फत. याच्या समोर कंपनीवर तसें बंधन घालणारा एक शब्दहि नाहीं. कोल्हापूरचे भाऊबंद, सांगलीचे पटवर्धन, नागपूरचे भोसले हे सारे एका लेखणीनें साताऱ्यास परके झाले. १७३१ च्या कलमानें चाकराची ये-जा बंद केली होती, कुळाची नव्हे. १८१९ च्या कलमानें कुळाचीहि केली. साधें सोयरिकीचें पत्र लिहिणें हा अपराध होऊं शकेल अशी ही रचना होती.

आणि तसेंच झालें. गोव्याच्या फिरंग्यांशीं पत्रव्यवहार, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान, व २३ व्या पलटणींतील हिंदी अंमलदारांस फितविणें असे तीन आरोप महाराजांवर आले. त्यांच्या खरेखोटेपणाचा खल पुष्कळ झाला आहे. तो येथें नको. आमचें लक्ष निकालाच्या पद्धतीकडे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक १८३९ त साताऱ्यास आले व त्यांनीं महाराजांपुढें एक लेख ठेविला. आपण १८१९ चा तह मोडला हें कबूल करून यापुढें तो पाळूं असें लिहून द्यावें, म्हणजे राज्य कायम राहील. महाराजांनीं सही केली नाहीं. केलाच नाहीं तो अपराध कबूल करण्यापेक्षां राज्य गेलेलें पुरवलें, असा त्यांचा निश्चय होता. सप्टेंबर १८३९ मध्यें ते पदच्युत होऊन काशीस गेले व १८४७ त तेथेंच वारले. पुढें पहिल्या महायुद्धाच्या शेवटीं १९१९ च्या व्हर्साय तहांत २३१ वें कलम घालून जर्मनीकडून युद्धाची जबाबदारी लिहून घेण्यांत आली. जेत्यास मुलूख मिळाला तरी पुरत नाहीं, त्यास कबुलीहि हवी असते. जर्मन वकिलांनीं सही केली. साताऱ्याच्या राजानें केली नव्हती. रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून सुमारें तेरा वर्षें लंडनांत हाच मुद्दा घेऊन भांडत राहिले.

महाराजांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादी मिळाली. ५ एप्रिल १८४८ रोजीं ते वारले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. आतां सर्व भार तहाच्या पहिल्या कलमावर आला. इंग्रजी लेखांत राज्य राजास व त्याच्या 'हेअर्स अँड सक्सेसर्स' यांस निरंतर दिलें असे शब्द आहेत. धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक हा पुत्रच, म्हणून तो पहिल्या शब्दांतच येतो. आणि तेथें न आला तर दुसरा शब्द घातला कशाला, असा साताऱ्याचा पक्ष. सार्वभौमाच्या संमतीवांचून घेतलेला दत्तक खासगी मिळकतीस वारस होईल, राज्यास होणार नाहीं, असा लॉर्ड डलहौसीचा पक्ष. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेंहि मत डलहौसीविरुद्ध होतें. तरी राज्य खालसा झालें. तासगांवच्या पटवर्धनांची शाखाहि निपुत्रिक म्हणून त्याच १८४८ सालीं खालसा झाली. वारणेच्या तहांत नांवानें आलेलें तासगांव व तो तह करणारी सातारची गादी, दोन्ही एका वर्षांत गेलीं.

सांगलीचें तसें झालें नाहीं. चिंतामणराव आप्पासाहेबांचा कंपनीशीं करार १८१९ च्या मे महिन्यांत झाला होता. त्यांच्यामागें १८५१ त पुत्र धुंडिराजराव तात्यासाहेब आले, ते १९०१ पर्यंत होते. म्हणजे दत्तकाची वेळ सांगलीवर आली ती सत्तावनच्या बंडानंतर, संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा मिळून गेल्यावर. १९०३ त दत्तक चिंतामणराव गादीवर आले, आणि संस्थान ८ मार्च १९४८ पर्यंत चाललें. दोन्ही करार एकाच सालचे. पण साताऱ्यास पुत्र नव्हता तेव्हां डलहौसी होता, व सांगलीस नव्हता तेव्हां सनद होती. कलमाचा अर्थ कलमांत थोडा व अर्थ करणाऱ्याच्या हातांत फार असतो.

संग्राहकांस एक सुचवावेंसें वाटतें. तहनाम्याची नक्कल मिळाली म्हणजे शोध संपला असें मानूं नये. ठाणीं स्वाधीन करण्याविषयीं हवालदारांस गेलेलीं ताकीदपत्रें, ठाणें उतरतांना केलेल्या सामानाच्या याद्या, वडगांवचें ठाणें पाडल्याचा हिशेब, पळून आलेला चाकर परत पाठविल्याचें एखादें पत्र, असा एक कागद तहनाम्याच्या दहा नकलांस भारी आहे. कारण तह झाला हें नक्कल सांगते, तह पाळला हें ताकीदपत्र सांगतें. मिती लावतांना शुहूर सन मृगास पालटतो हें विसरूं नये. तहाच्या वेळचे कागद इहिदे सलासीन मया व अलफ या सनाचे, आणि ठाणीं उतरण्याचे कागद ज्येष्ठानंतरचे असल्यास इसन्ने सलासीनचे निघतील. एक सन पुढचा म्हणून ते निराळ्या बांधणींत टाकले जाण्याचा संभव असतो. पटवर्धनी दप्तरांतील कागद वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून उजेडांत आणले. साताऱ्यास पारसनिसांनीं तेंच काम केलें. खेड्यांतील कुळकर्ण्यांचीं दप्तरें मात्र अशा नजरेनें पाहिलीं जावीं तितकीं पाहिलीं गेलेलीं नाहींत.

विशेषतः वाळवें व शिराळें या तालुक्यांतील वारणाकांठच्या गांवांचीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व विलीन झालेलीं संस्थानें मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० त त्यास सांगली हें नांव मिळालें. त्याची व कोल्हापूर जिल्ह्याची सीमा बहुतांशी वारणाच आहे, आणि सांगलीजवळ हरिपुरास जेथें वारणा कृष्णेस मिळते तेंच ठिकाण तहाच्या कलमांत संगम म्हणून आलें आहे. नदीनें पात्र बदललें तर शीव कोठें धरावी हें नऊ कलमांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. मळईच्या जमिनीवरून गांवागांवांत असे वाद निघाले असतां ते महजरानें तुटत. त्या महजरांत दोन्ही तीरांच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या साक्षी एकत्र मिळाल्या तर वारणेच्या तहाची अंमलबजावणी गांवपातळीवर कशी झाली तें कळेल. ज्यांच्यापाशीं असे महजर असतील त्यांनीं निदान त्यांच्या नकला अवश्य करून ठेवाव्या.